रोखीचं दुकान : व्हाइटअवे लेडलॉ आणि कंपनी, हॉर्नबी रोड, मुंबई

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, होळकर पुलाखाली पाणी चढलं अशी खबर नाशकातून आली, की सायखेड्याच्या पेठेत आवराआवर सुरू होते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सगळ्यांनी पाहिली आहे. धान्याच्या गोण्या माळ्यावर जातात, कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर चढतात, खतांच्या बॅगा मिळेल त्या ट्रॉलीत पडतात. पण या सगळ्याच्या आधी दुकानदार उधारीची वही उचलतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घरी पाठवतो. माल भिजला तर नुकसान किती हे मोजता येतं. वही भिजली तर गावाकडे येणं किती, याचा पत्ता लागत नाही. आणि ‘कांदा विकला की देतो’ म्हणणाऱ्या माणसाला आपण किती लिहिलं होतं हे विचारायचं तरी कसं?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ज्या दुकानाचा इतिहास माझ्याकडे सोपवला, त्या दुकानाचा सगळा डौल अशी वही न ठेवण्यावर उभा होता. पेठेच्या स्मरणिकेत मुंबईतल्या एका गोऱ्या, आणि तेही केव्हाच बंद पडलेल्या दुकानाला पानं कशाला, असं काही जाणत्यांनी विचारलंच. त्यांना एवढंच सांगतो, की ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण गंमत म्हणून लावतो. या कंपनीने ती मनावर घेतली आणि तेवढ्या जोरावर कोलकात्यापासून शांघायपर्यंत दुकानं काढली.

कंपनीचं नाव व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी. स्थापना १८८२, कोलकाता. तिथले इंग्रजच या नावाशी यमक जुळवून तिला ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत. म्हणजे पैसे टाका आणि माल उचला. त्यात थोडी चेष्टा होती आणि थोडा रागही होता, कारण साहेबाला तोवर पैसे टाकायची सवयच नव्हती.

साहेब खरेदी कशी करत असे ते समजून घेतल्याशिवाय या दुकानाचं नवल कळणार नाही. बंगल्याच्या व्हरांड्यात पेटीवाला येई, पेटी उघडून रेशीम, लेस, हस्तिदंती वस्तू पसरे आणि मडमेशी तासभर घासाघीस करी. छावणीच्या गावात पारशी दुकानदार असत. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यापासून ब्रँडीपर्यंत सगळं मिळे. शहरातल्या मोठ्या विलायती दुकानांत साहेब नुसता चिठ्ठीवर सही करी. पगार महिन्याला होई, बिल मात्र सहा-सहा महिने तुंबे. मध्येच बदलीचा हुकूम येई. एखादा पटकीने जाई, एखादा कर्ज अंगावर ठेवून बोटीत बसे. दुकानदार काय करणार? बुडणाऱ्याची रक्कम तो देणाऱ्याच्या बिलात घाली. विलायतेत ज्या बुटाला एक किंमत, त्याच बुटाला इथे भलतीच. प्रामाणिक गिऱ्हाईक भुर्दंड सोसत असे आणि दुकानदाराला शिव्याही घालत असे. उधारीचं हे गणित आपल्या पेठेत कोणाला समजावून सांगायला नको.

यावर पहिला उतारा काढला तो लष्करी अधिकाऱ्यांनी, आणि तो आपल्या तालुक्याला जवळचा वाटावा असा आहे. १८७१ मध्ये लंडनमध्ये लष्कर आणि आरमारातल्या काही अधिकाऱ्यांनी एकत्र येऊन ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ काढली. मूळ हेतू अगदी साधा होता : वाइनची पेटी घाऊक भावात मिळावी. निफाड तालुक्यात आज द्राक्षं आहेत, विंचूरला वाइन पार्क आहे आणि गल्लोगल्ली सहकारी सोसायट्या आहेत. पण दारूच्या पेटीसाठी सहकार, हा विचार आपल्याकडे कोणाला सुचला नाही. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये पीठ-लोण्यासाठी जे केलं, तेच या अधिकाऱ्यांनी क्लॅरेटसाठी केलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर त्यांचं दुकान उघडलं. सभासद होण्याचा हक्क अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबीयांना, आणि व्यवहार रोखीचा.

१८९१ मध्ये या सोसायटीने मुंबईत, आजच्या काळा घोड्याजवळ, आपली शाखा उघडली. कराची आणि कोलकाता नंतर. तिचा कॅटलॉग हजारावर पानांचा असे. त्यात तंबू, पियानो, बंदुका, औषधं, मुरंबे, लहान मुलांचे कपडे, सगळं चित्रांसह आणि किमतीसह. उत्तर हिंदुस्थानातल्या एखाद्या आडगावी नेमणूक झालेला कलेक्टर आणि त्याची बायको पावसाळ्याच्या रात्री हेच पुस्तक चाळत बसत, असं त्या काळच्या आठवणींत वारंवार येतं. १९०७ चा कॅटलॉग तर पुढे, १९६९ मध्ये, विलायतेत जुन्या काळची मौज म्हणून पुन्हा छापला गेला आणि खपला.

आर्मी अँड नेव्ही हे अधिकाऱ्यांचं घर होतं. रेल्वेतला गार्ड, तारखात्यातला कारकून, पलटणीतला सार्जंट, चहाच्या मळ्यावरचा दुय्यम मॅनेजर, अँग्लो-इंडियन शिक्षिका, यांनी कुठे जायचं? लेडलॉने हेच गिऱ्हाईक हेरलं.

रॉबर्ट लेडलॉ हा स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरचा, रॉक्सबरोशायरचा. जन्म १८५६. तो मुलूख मेंढ्यांचा आणि लोकरीच्या गिरण्यांचा. कापड त्याच्या ओळखीचं होतं. विशी ओलांडता ओलांडता, १८७७ मध्ये, तो हिंदुस्थानात आला आणि पाच वर्षांत एडवर्ड व्हाइटअवे यांच्या भागीत कोलकात्यात दुकान थाटलं. धोरण ठरलेलं : विलायतेतल्या कारखान्यांकडून भरपूर माल एकदम उचलायचा, नफा थोडा ठेवायचा, भाव एकच, पैसे रोख. दोन-अडीच दशकांत कोलकात्याच्या चौरंगीवर घुमट आणि मनोऱ्यांची भव्य इमारत उभी राहिली. मुंबई, मद्रास, लाहोर, सिमला, रंगून, कोलंबो, पिनांग, क्वालालंपूर, सिंगापूर आणि शांघाय इथे शाखा निघाल्या. दुकानाच्या नावात व्हाइटअवे आधी असला, तरी पेढीचा चेहरा लेडलॉचाच होता.

माणूस नुसता बनिया नव्हता, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. १९०६ मध्ये तो लिबरल पक्षातर्फे ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेला. हिंदुस्थानातून चीनला जाणाऱ्या अफूच्या तो विरोधात होता, आणि १९०९ मध्ये शांघायला अफूवर जी आंतरराष्ट्रीय परिषद बसली, तिथे ब्रिटनच्या प्रतिनिधींत त्याचं नाव होतं. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढवून ज्यांनी हवेल्या बांधल्या, त्यांच्याच शहरात त्याचं दुकान होतं, ही गोष्ट विसरू नये. त्याच वर्षी त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. १९१५ मध्ये तो वारला. त्याने मागे ठेवलेल्या पैशातून इथल्या युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. निलगिरीत केट्टी इथली शाळा आजही त्याचं नाव लावते. देणगीतही गिऱ्हाईक कोण हे तो विसरला नाही, असं म्हटलं तर ते कुत्सितपणाचं होईल. पण खोटं होणार नाही.

एक मात्र आहे. किताब मिळालेला मालक विलायतेत होता. इथे काउंटरमागे उभा असणारा गोरा असिस्टंट करारावर बोटीने आलेला असे, आणि किरकोळ व्यापारातल्या माणसाला मोठ्या क्लबांचं सभासदत्व मिळत नसे. जी मडम दुपारी त्याच्याकडून हातमोजे घेई, तिच्या नवऱ्याशेजारी संध्याकाळी त्याला बसता येत नव्हतं. उच्चनीच आपल्याकडेच आहे असं समजणाऱ्यांनी हॉर्नबी रोडवरच्या या काउंटरचा विचार करावा.

आता त्या रस्त्याकडे येऊ. मुंबईच्या किल्ल्याचा तट १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने पाडला आणि तिथे जी मोकळी पट्टी निघाली, तिच्यावर हा रस्ता रुंद झाला. विल्यम हॉर्नबी हा अठराव्या शतकातला मुंबईचा गव्हर्नर. त्याचं नाव रस्त्याला होतं. उत्तरेच्या टोकाला क्रॉफर्ड मार्केट, दक्षिणेला फ्लोरा फाउंटन, आणि मधे १८८८ मध्ये पुरं झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस. १८९६ च्या सुमाराला सरकारने नियम घातला, की या रस्त्यावर जो बांधील त्याने तळमजल्यावर सलग कमानींचा ओटा सोडावा. वर प्रत्येकाने हवी ती तऱ्हा करावी, खाली मात्र चालणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर हवं. मुंबईच्या पावसाला आणि उन्हाला एवढा शहाणा कायदा पुन्हा क्वचितच झाला असेल. दुकानदारांचंही त्यात भलं झालं : पाऊस पडला की माणसं कमानीखाली थांबत, आणि थांबली की काचेतून आत पाहत.

व्हाइटअवे लेडलॉचं मुंबईतलं दुकान याच रस्त्यावर. जवळपास एव्हान्स फ्रेझर आणि कंपनी हे दुसरं विलायती दुकान. बाजूला घड्याळवाले, फोटोवाले, वाद्यंवाले. काचेमागे माल मांडून ठेवायचा, आत येणाऱ्याला ‘काय हवं?’ असं लगेच विचारायचं नाही, त्याला हिंडू द्यायचं, ही रीत तेव्हा नवी होती. आपल्याकडे कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसतं आणि माल त्याच्यापुढे येऊन उलगडतो. शेठ बसलेला, गिऱ्हाईक बसलेलं, चहा आलेला. तिथे उलटं होतं. माल जागच्या जागी, आणि गिऱ्हाईक पायाने फिरणारं. एका भागात थानाचं कापड, दुसरीकडे शिवलेले सूट, तिसरीकडे बायकांच्या हॅट्स आणि रिबिनी. पुढे बूट, ट्रंका, मच्छरदाण्या, पडदे, काचसामान, खेळणी. सोल्याच्या भेंडाची टोपी हे या दुकानांचं हुकमी गिऱ्हाइकी सामान. उन्हाने डोकं फिरतं ही साहेबाची पक्की समजूत होती आणि दुकानाने ती कधी खोडून काढली नाही.

प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी. भाव करायचा नाही. पॅरिसच्या ‘बाँ मार्शे’ या दुकानात अरिस्तीद बुसिकोने १८५० च्या दशकात ही पद्धत पक्की केली आणि न आवडलेला माल परत घ्यायलाही सुरुवात केली. तिथून ती लंडन-न्यूयॉर्कला गेली आणि बोटीने इथे आली. एक भाव म्हणजे घासाघीस न येणाऱ्यालाही न्याय. मुंबईतल्या कारकुनाच्या बायकोला, जिला बाजारात कोणीही फसवलं असतं, तिला इथे गव्हर्नरच्या मडमेइतक्याच पैशात रुमाल मिळे. ही समता फक्त किमतीच्या चिठ्ठीपुरती होती, पण होती.

गिऱ्हाईक गोरंच होतं असं नाही. पारशी आणि इतर धनिक घरं, बॅरिस्टर, डॉक्टर, विलायतेला निघालेले विद्यार्थी, संस्थानिकांचे कारभारी, यांनाही अशी दुकानं हवी होती. आर्मी अँड नेव्हीला गिऱ्हाइकाची जात लागे. व्हाइटअवेला नाणं पुरे होतं. विलायती समाजाच्या हिशेबात हे मधल्या वर्गाचं दुकान. आपल्या माणसाच्या डोळ्यांना मात्र तो श्रीमंती थाटच. मुंबईला जाऊन आलेल्याने गावात सांगायच्या गोष्टींत हॉर्नबी रोडच्या काचा असणारच.

आपल्या जिल्ह्याचा या दुकानांशी संबंध दोन वाटांनी होता. एक टपालाची. १ जानेवारी १८६५ ला थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-नाशिक सलग जोडलं गेलं. १८७७ पासून टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली. पोस्टमन पार्सल आणणार, पैसे घेणार, पैसे दुकानाकडे पोचवणार. रोखीच्या दुकानाला यापेक्षा मोठं वरदान कोणतं! शेकडो मैलांवरच्या अनोळखी माणसाला माल पाठवायचा आणि तरीही उधारी नाही. कॅटलॉग फुकट वाटून, व्ही. पी. ने माल धाडून या कंपन्यांनी मुंबईत बसून अर्धा हिंदुस्थान गाठला. आज आपल्या पोरांना ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ ही नवी सोय वाटते. तिचं वय जवळजवळ दीडशे वर्षं आहे.

दुसरी वाट देवळालीची. १८६० च्या दशकापासून तिथे लष्करी छावणी. मुंबईला बोटीतून उतरलेल्या पलटणी आधी देवळालीला येत आणि परत जाणारे गोरे शिपाईही बोटीची वाट बघत तिथेच पडून राहत. वाट बघून बघून माणूस भ्रमिष्ट होई, म्हणून देवळालीचं नाव इंग्रजी बोलीत वेडाला चिकटलं. असा पैसा खर्चायला अधीर आणि मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीवर असलेला गिऱ्हाईकवर्ग दुकानदाराला स्वप्नातही मिळत नाही.

आणि देवळालीला लागूनच भगूर. १८८३ मध्ये तिथे विनायक दामोदर सावरकर जन्मले. १९०५ च्या ऑक्टोबरात, वंगभंगाच्या संतापात, पुण्यात परदेशी कपड्यांची जी होळी झाली, तिच्यात फर्ग्युसनचा हा विद्यार्थी पुढे होता. टिळक हजर होते. कॉलेजने सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. हॉर्नबी रोडच्या दुकानाचा माल अंगावर घालणारी छावणी आणि तो माल जाळायला निघालेला मुलगा यांच्यात अंतर एका शिवेचं होतं.

स्वदेशीचा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७० च्या दशकात देशी मालाची दुकानं काढत होते आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले होते. पण होळीने दुकान बंद पडत नाही, दुकानासमोर दुकान उघडावं लागतं, हे व्यापारी शहाणपण १९०५-०६ मध्ये दिसलं. टिळक आणि रतन टाटा यांच्यासारखी माणसं मागे उभी राहिली आणि ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ निघालं. तोच थाट, तसेच विभाग, तसाच एक भाव. फक्त माल देशी. जहाल पुढारी आणि गिरणीमालक एका भागभांडवलावर सह्या करतात, असा योग इतिहासात फार वेळा येत नाही. पुढे हेच दुकान ‘द बॉम्बे स्टोअर’ झालं.

या सगळ्याने व्हाइटअवे लेडलॉ हादरलं का? माझं मत विचाराल तर फारसं नाही. ३१ जुलै १९२१ ला परळला गांधीजींनी विलायती कपड्यांची प्रचंड होळी पेटवली. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झालेला आंबेगाव तालुक्यातला गिरणी कामगार बाबू गेनू चिरडला गेला. बहिष्काराचा घाव बसला तो मँचेस्टरच्या थानांवर आणि मुळजी जेठा मार्केटमधल्या घाऊक व्यापारावर. हॉर्नबी रोडचं मुख्य गिऱ्हाईक बहिष्कार घालणारं नव्हतंच. या दुकानाला गिळलं ते वेगळ्या गोष्टींनी. १९३० च्या मंदीत पगार कापले गेले. नोकऱ्यांत हिंदी माणसं वाढली, तशी गोऱ्यांची कुटुंबं कमी झाली. दुसऱ्या महायुद्धात बोटींत माल यायची मारामार झाली. शिपायांची गर्दी होती, पैसा होता, पण फळ्या रिकाम्या.

आणि मग गिऱ्हाईकच उठून गेलं. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी गेटवेच्या कमानीतून बोटीवर चढली. स्वतंत्र हिंदुस्थानातून गेलेलं ते शेवटचं ब्रिटिश पायदळ. देवळालीत आपलं तोफखान्याचं शिक्षणकेंद्र आलं. आयातीवर निर्बंध आले. विलायती माल विलायती माणसाला विकणाऱ्या दुकानापाशी आता माल नव्हता आणि माणूसही नव्हता.

इथे मला वहीचा विषय पुन्हा काढावासा वाटतो. उधारी ही कटकट आहे, ती दुकान बुडवते, सगळं खरं. पण वहीतलं गिऱ्हाईक बांधलेलं असतं. त्याला दुकानात यावंच लागतं, लग्नात बोलवावं लागतं, आजारपणात विचारपूस होते. बाप गेला तर मुलगा येऊन सांगतो, ‘शेठ, बाबांचं किती आहे?’ व्हाइटअवे लेडलॉचं कोणाकडे काही येणं नव्हतं आणि कोणाला काही देणं नव्हतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात मुंबईतल्या एकाही घराशी त्याचा हिशेब उरला नाही. साहेबांनी सामान बांधलं, दुकानाने पाटी उतरवली. कोणी आडवं आलं नाही, कोणी हळहळलंही नाही. मलायाकडच्या शाखा त्यानंतरही काही वर्षं तगल्या, कारण तिथे साहेब जरा उशिरा उठला.

इमारती मात्र राहिल्या. कोलकात्याची चौरंगीवरची इमारत ‘मेट्रोपॉलिटन’ या विमा कंपनीच्या नावाने ओळखली जाऊ लागली; मुंबईची झाली ‘मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस’. १९५६ मध्ये आयुर्विमा धंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं, दोनशे पंचेचाळीस लहानमोठ्या संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झालं. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला.

आणि त्या इमारतीत कोण आलं? खादी! १९५४ पासून मुंबई खादी व ग्रामोद्योग संघाचं खादी भांडार तिथे भरलं. ज्या काउंटरवर सोला हॅट विकली गेली, तिथे गांधी टोपी. ज्या मजल्यावर लंकाशायरच्या रुमालांच्या चळती असत, तिथे हातकताईच्या सुताचे सदरे, मध, अगरबत्ती, चामड्याच्या चपला. उंच छत, जुन्या घडणीचे लाकडी काउंटर, आणि काउंटरमागे सावकाश, घाई नसलेली माणसं. पद्धत मात्र बरीचशी जुन्या धन्याचीच. किंमत छापील, भाव करायचा नाही, आधी पावती, मग पैसे, मग पुडकं. गांधी जयंतीनंतर सवलत लागली की कमानीखालपर्यंत गर्दी. पांढरा झब्बा-लेंगा घ्यायला मुंबईला गेलेला कार्यकर्ता या भांडारात डोकावल्याशिवाय परतत नसे, आणि त्यात निफाड तालुक्यातलेही पुष्कळ होते.

या गोष्टीचा शेवट इथे करता आला असता तर छान झालं असतं, कारण विलायती दुकानाच्या जागी खादी आली हे ऐकायला फार गोड आहे. पण २०२२ मध्ये खादी आयोगाने या भांडाराचं खादी प्रमाणपत्र रद्द केलं. खादीच्या नावाखाली खादी नसलेला माल विकला जातो, असा आयोगाचा आक्षेप होता. म्हणजे एका इमारतीत दोन दुकानं झाली. पहिलं विलायती म्हणून विलायतीच विकत होतं. दुसऱ्यावर खादी म्हणून दुसरंच विकल्याचा ठपका आला. कोणाला कोणत्या पंक्तीला बसवायचं ते वाचकांनी ठरवावं.

आर्मी अँड नेव्हीच्या इमारतीची कथा आणखी निराळी. ती काळा घोड्याला अजून त्याच नावाने उभी आहे आणि तळमजल्यावर टाटांचं ‘वेस्टसाइड’ आहे. हे वेस्टसाइड जन्मलं कसं? लिटलवुड्स या ब्रिटिश कंपनीने बंगळुरात डिपार्टमेंट स्टोअर काढलं होतं. ‘लॅक्मे’ विकून हाती आलेल्या पैशातून टाटांनी ते १९९८ मध्ये घेतलं आणि त्याचं वेस्टसाइड केलं. हे लिटलवुड्सही विलायतेत कॅटलॉगवरून टपालाने माल पाठवत असे! वेस्टसाइड चालवणाऱ्या टाटांच्या ट्रेंट कंपनीचंच ‘झुडिओ’ आज नाशकात आहे, आणि सायखेड्याची कॉलेजला जाणारी मुलं दिवाळीचे कपडे तिथून आणतात. छापील किंमत, भाव नाही, पैसे आधी. आपल्या पेठेतल्या कापडवाल्यांना ही स्पर्धा नवी आणि अन्यायाची वाटते. अन्यायाची असेलही, नवी नाही.

मुंबईला कामाला जाल तेव्हा बघायचं असेल तर नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जावं, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून डाव्या-उजव्या गर्दीत न शिरता दादाभाई नौरोजी रस्त्याने फाउंटनच्या दिशेने चालावं, आणि चालावं ते कमानीखालून. तिथे आता फेरीवाले बसतात. मोबाईलची कव्हरं, पट्टे, चष्मे. भाव करतात, आणि चांगला करतात. मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस ओळखायला आधी रस्त्याच्या पलीकडे जावं लागतं, कारण कमानीखालून वरची इमारत दिसत नाही.